टिटवीच्या तळाचा रंग

१

त्या रविवारी विशेष असं काहीच घडलं नाही. पुढे प्राप्तीने तो दिवस कितीतरी वेळा उलटून पाहिला, शेवट कळल्यावर रहस्यकथेची पहिली पानं पुन्हा चाळावीत तसा. पण मनात पाल चुकचुकावी असं त्यात काही सापडलं नाही. ऑक्टोबरचं ऊन होतं. खाडीला ओहोटी लागली होती. आणि तिचे बाबा, गुणाजी नाखवा, एका शिडाच्या होडीच्या पोटाखाली उताणे पडून तिच्याशी बोलत होते. तिच्याशी म्हणजे होडीशी.

मुरुडच्या अलीकडे, खाडीकाठी त्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, पाण्यात उतरत गेलेला सिमेंटचा उतार आणि होड्या उभ्या करायचे लाकडी टेकू. प्राप्ती अलिबागला एका वाचनालयात ग्रंथपाल होती. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, लग्न तिने केलं नव्हतं, आणि रविवारी सकाळची एसटी ती सहसा चुकवत नसे.

होडीचं नाव ‘टिटवी’. मालक मुंबईचे पियूषशेठ. अलिबागजवळ त्यांचं सुट्टीचं घर होतं. फायबरच्या त्या होडीच्या तळाला नवा रंग द्यायचा होता, शेवाळ नि शिंपल्या धरू नयेत म्हणून देतात तो. रंगाच्या आधी प्रायमर. आणि प्रायमरच्या आधी, बाबांच्या पद्धतीप्रमाणे, चौकशी.

"काय म्हणतेय?" प्राप्तीने विचारलं.

"तोंड उघडलं न्हाय अजून. चिंधी दे, बाय."

थिनरमध्ये भिजवलेली चिंधी बाबांनी जुन्या रंगावर थोडा वेळ दाबून धरली. काढली तेव्हा ती चॉकलेटी झाली होती.

"बघ. मऊ हाय. आधी कुनी मारला, कुठला मारला, शेटला ठाव न्हाय. पन थिनरनं हातावर आला, म्हंजे हा एका डब्याचा रंग. ह्याच्यावर माझा रुपेरी प्रायमर बसंल, तोबी एका डब्याचा. पन रुपेरीवर नायतर ह्याच्यावर दोन डब्यांचा चढवला तर?"

"उकलेल."

"कसा?"

"दुधावरच्या सायीसारखा." हे तिला पाढ्यांच्या आधीपासून पाठ होतं.

दोन डब्यांचा प्रायमरही कोपऱ्यात होताच. एका डब्यात रंग, दुसऱ्यात त्याला दगडासारखा कडक करणारं औषध. पियूषशेठने तो हौसेने मुंबईहून आणला होता आणि बाबांनी त्याचं झाकणही उघडलं नव्हतं.

"भारीतला हाय तो," बाबा म्हणाले. "पन नवरा भारीतला म्हनून कुठल्याबी घरात पोरगी देतात काय?"

"तुम्ही तर कुठेच दिली नाहीत."

"मागायला आला तो रंग कच्चा होता."

प्राप्ती हसली. मग दोघांनी मिळून टेकूंखालची जागा रंगवायला घेतली. दुसरे रंगारी आधी सगळा तळ रंगवतात आणि टेकूच्या फळीखाली झाकले गेलेले चौकोन शेवटी कसेबसे उरकतात. बाबांचं उलट होतं. एकेक टेकू बाजूला करून ते आधी तेवढा चौकोन रुपेरी करत, वाळू देत, टेकू परत लावत आणि मगच बाकीच्या तळाला ब्रश लावत. जिथे भार येतो तिथे आधी हात फिरवावा, असं ते म्हणत.

संध्याकाळी चौकोन वाळले. "उद्या बाकीचं मारतो एकटाच," बाबा म्हणाले. त्यांचा मदतनीस विनेश बायकोच्या बाळंतपणासाठी माणगावला, सासुरवाडीला गेला होता. प्राप्तीने हात धुतले, पिशवी उचलली आणि अलिबागची गाडी पकडली.

मंगळवारी सकाळी सदाकाकाचा फोन आला. तो नुसताच रडत होता.

२

सदा हा बाबांचा धाकटा भाऊ. मासेमारीच्या होडीवर उमर गेलेला, अविवाहित, घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात एकटा राहणारा. सकाळी चहाला हाक मारायला तो कारखान्यात गेला, तेव्हा बाबा होडीसमोर खोक्यावर बसलेले होते, पाठ भिंतीला टेकून. हाक ऐकायला ते उरले नव्हते. झोपेतून उठून आले असतील, छातीत कळ आली असेल, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं.

माणसं जमली, बाबांना घरी नेलं. ‘टिटवी’कडे कोणी पाहिलं नाही, आणि पाहूनही काही दिसलं नसतं. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून बाबा होडीच्या कडेला सभोवार जुन्या साड्या बांधून खाली सोडत. आईच्याच साड्या. त्या दिवशीही ‘टिटवी’ त्या साड्यांआड उभी होती.

मग सुतक लागलं. नाखव्यांच्या घरात सुतकात होडीला हात लावत नाहीत. त्यातही नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, जिथे कुंकू लावतात आणि नारळ वाढवतात, तिथे तर नाहीच नाही. लावला तर होडी माणसाला विसरते, असं म्हणत. कारखान्याचं दार ओढून घेतलं गेलं. विनेश अग्नी द्यायच्या वेळेला थेट स्मशानात आला आणि बायको अडलेली म्हणून तसाच माणगावला परत गेला. तेरावा झाल्यावर तो आला, त्याने ‘टिटवी’ला शेवटचा निळा रंग दिला आणि होडी पाण्यात उतरवली. प्राप्ती अलिबागला गेली, पुस्तकं देऊघेऊ लागली. घरी आल्यावर दिवा लावायचा, भात टाकायचा, एकाच माणसापुरता भात करताना पाण्याचा अंदाज चुकायचा नाही, इतकी तिला त्याची सवय होती. चुकायचा तो रविवार. एसटीत बसावं की नाही, हेच ठरत नसे.

मार्गशीर्ष लागला आणि ‘टिटवी’ परत आली. तळाचा रंग पापुद्र्यांनी सुटला होता, हाताएवढे तुकडे लोंबत होते आणि उघड्या पडलेल्या जागी शिंपल्यांनी वस्ती केली होती. तुकडा हातात घेतला की कोणालाही कळत होतं: बाहेरून निळा, मध्ये पांढरा, पाठीला रुपेरी. म्हणजे रुपेरीवर शेटचा दोन डब्यांचा पांढरा प्रायमर चढवला गेला होता. कोपऱ्यातले ते दोन्ही डबे रिकामे होते.

गावाला निष्कर्ष काढायला वेळ लागला नाही. म्हातारपणी गुणाजी गोंधळला. दोन्ही लावून बसला. आणि त्याच्या पुढचं वाक्य प्राप्तीला रविवारी एसटीतून उतरल्या उतरल्या, स्टँडवरच ऐकू आलं. बोलणाऱ्याची तिच्याकडे पाठ होती.

"सकाळी उठून बघितला असंल, सगळ्या रंगाला सुरकुत्या. तिथंच कळ आली म्हाताऱ्याला. सोताच्या हातची चूक बघून गेला तो."

३

आपले बाबा चुकले असतील, हे प्राप्ती सोसू शकली असती. चुकीकडे बघत बघत ते एकटे मेले, हे तिला सोसवेना. म्हणून ती अलिबागला रजेचा अर्ज देऊन आली आणि कारखान्याचं दार उघडून ‘टिटवी’समोर उभी राहिली.

पियूषशेठ तिथे होतेच, मोबाइलवर होडीचे फोटो काढत.

"या, प्राप्तीबेन. बघा हालत." माणूस वाईट नव्हता, आवाज मात्र दुकानात बसल्यासारखा. "मी गुणाजीभाईंना बोललो होतो, माझा प्रायमर मारा, एकदम टॉप क्वालिटी. ते नाही बोलले. मग मारायचाच होता तर खालचा रुपेरी कशाला? ऐसा कोई करता है क्या?"

"बाबांनी तुम्हाला कळवलं होतं, तुमचा प्रायमर लावतोय म्हणून?"

"ना रे ना. कोणी काय कळवते? सोमवारी दुपारी लास्ट बोलणं झालं. बोलले, रुपेरी मारतोय, चांगला बसतोय. दुसऱ्या दिवशी तर…" शेटनी चष्मा काढून उगाच पुसला. "सॉरी हं. मला पण वाईट वाटते. चांगला माणूस होता."

"त्यानंतर इथे आला होतात?"

"सुतकात? आमच्यात पण असतं ते, बेन. फोन केलेला घरी, तो पण एकदाच. बोललो, घाई नाही, पण उघडा प्रायमर असाच राहिला तर खराब होणार, मग मला बोट दुसरीकडे न्यावी लागणार. एवढंच."

"कोणी उचलला फोन?"

"कोण ते विचारलं नाही. बाप्या माणसाचा आवाज होता. हा हा करत होता नुसता."

शेट गेले. प्राप्ती होडीभोवती फिरू लागली. तळ सगळा महारोग झाल्यासारखा दिसत होता. पण मधेमधे निळे चौकोन शाबूत होते, गुळगुळीत, कडेला पापुद्रे सुटलेले असताना आपण मात्र जागच्या जागी. तिने नखाने खरवडून पाहिलं. चौकोन हलला नाही.

"ते चौकोन आहेत ना, तिथे त्यांनी काम बरोबर केलं," असं शेट जाताजाता म्हणाले होते. पण ते चौकोन कसले, हे प्राप्तीला त्यांच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यातले निम्मे तिने स्वतः रंगवले होते.

४

विनेश उतारावर बसून शिंपल्या खरवडायची पाती घासत होता. प्राप्तीला पाहून उठला.

"ताई, तुम्ही मला काय विचारणार ते ठाऊक हाय. आधी हे घ्या." त्याने खिशातून पेढ्याचा चुरगळलेला बॉक्स काढला. "पोरगी झाली. तुम्ही भेटलाच नव्हता."

तिने पेढा घेतला. गोड खाल्लेलं तोंड अजून तिला परकं वाटत होतं.

"तू आलास तेव्हा होडी कशी होती?"

"पांढरी."

"सगळी?"

"सगळी. साड्या काढून एका बाजूला बोळा केलेल्या. नि पांढऱ्यावर बारीक सुरकुत्या." तो खाली बघू लागला. "मला दिसल्या, ताई. खोटं कशाला बोलू? शंका आली. पण म्हटलं, धन्याचं काम. त्यांच्या डोक्यात काय असंल. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी कोण त्यांची चूक काढणार? पॉलिश पेपर मारला, सुरकुत्या बसवल्या नि निळा दिला."

"टेकूखाली?"

"टेकू हलवून मारला की. मला त्यांनीच शिकवलंय. हलवले तर खाली नुसता रुपेरी. म्हटलं ठीक हाय, त्यावर निळा चालतो, दिला."

"विनेश, विचार कर. बाबांनी पांढरा मारला असता तर आधी कुठे मारला असता?"

विनेशने हातातलं पातं खाली धरलं. पात्यावरून पाणी ठिबकत होतं.

"टेकूखाली," तो म्हणाला. "आईशप्पत. आधी टेकूखाली."

"आणि तू मारला असतास तर?"

"मी पण तसाच. दुसरं येतच न्हाय मला. सासुरवाडीत बघा विचारून, दवाखान्याच्या पायरीवर झोपलेलो मी तिकडं." मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "पण ताई, मग रुपेरी वाळल्यावर इथं आलं कोण? दार तर ओढलेलं होतं."

५

त्याचं उत्तर शोधायच्या आधी प्राप्तीला दुसरं काहीतरी हवं होतं: केव्हा? बाबा सोमवारी रात्रीपर्यंत जिवंत होते. कोणी म्हणेल, घाईत होता, टेकू हलवायचा कंटाळा केला म्हाताऱ्याने. पद्धत हा पुरावा घरच्यांना पटतो, गावाला नाही.

दुसऱ्या दिवशी ती लोंबणारे पापुद्रे तोडून उन्हात धरून पाहू लागली. रुपेरी बाजू आरशासारखी स्वच्छ होती, साड्यांआड वाळलेली. पांढरा थर तसा नव्हता. त्यात काहीतरी अडकलं होतं. पिवळट, केसासारखं. एका तुकड्यात, दुसऱ्यात, जवळजवळ प्रत्येकात. तिने सुईने उकरून तळहातावर घेतलं.

भाताचं कूस होतं ते, झोडणीत उडतं ते कुसळ.

कारखान्याच्या कुंपणापलीकडे कमळवहिनींचं खळं होतं. दरवर्षी भात झोडायला घेतलं की बाबा बोंबलत, "वहिनी, तुझा भात माझ्या रंगात शिजतोय!" आणि कमळवहिनी उलट ओरडत, "मग सांजच्याला दर्याचं कालवण घेऊन ये वर!"

प्राप्ती कुंपणाशी गेली. कमळवहिनी पेंढा रचत होत्या.

"वहिनी, यंदा झोडणी कधी घेतलीत?"

"का गो? त्रास झाला काय?" त्यांनी पदराने घाम पुसला. "मी घेनार होते त्याच मंगळवारी. मानसं बोलावली होती. पन सकाळी सदाभावजी बोंबलत आले. मग काय झोडनी नि काय. तुझ्या बापाला उचलून नेला नि मी खळ्यात धूळ उडवू? तिसरा झाला, मग घेतली."

"म्हणजे सोमवारी इथे कूस उडत नव्हतं?"

"कापनीच चाललेली सोमवारी. शेत तिकडं पल्याड, ओढ्यापाशी."

प्राप्तीने कुंपणाचा खांब धरला. हातात कूस होतं, सोनेरी, हलकं, फुंकर मारली तर उडेल असं. पांढरा रंग ओला होता तेव्हा झोडणी चालू होती. झोडणी चालू होती तेव्हा बाबा या जगात नव्हते.

म्हणजे सोमवारी रात्री आणि मंगळवारी सकाळी होडी रुपेरीच होती.

"तेव्हा कारखान्यात कोणी दिसलं तुम्हाला?"

"त्या धुरोळ्यात मला माझा हात दिसत नव्हता," वहिनी म्हणाल्या. "नि सुतकात कोन जाईल गो तिथं? पाप लागतं."

६

सुतकात कोण जाईल?

तिसऱ्या दिवशी खोक्यावर बसून प्राप्तीने हा प्रश्न सगळ्या बाजूंनी फिरवला. तेच खोकं. त्यावर बसायला तिला आधी धीर होत नव्हता. आता ती बसली आणि काहीच झालं नाही. पाठ टेकायला भिंत बरी होती.

पियूषशेठनी मुंबईहून कोणी रंगारी पाठवला असेल? मग होडी परत आल्यावर त्यांनी एवढा गवगवा केला नसता, आणि धंदेवाईक रंगाऱ्याने शेवटी का होईना, टेकूखालचे चौकोन भरले असते. विनेश माणगावात होता. असता तरी त्याचा हात बाबांसारखाच चालतो. पांढरा ज्याने मारला त्याला टेकू हलवायची पद्धत ठाऊक नव्हती, रुपेरीशी पांढऱ्याची सोयरीक जुळत नाही हे ठाऊक नव्हतं, साड्या बांधायचं कारण ठाऊक नव्हतं. फक्त एवढं ठाऊक होतं की उघडा प्रायमर राहिला तर खराब होईल आणि होडी दुसरीकडे जाईल. घरी आलेल्या एका फोनवर ‘हा हा’ म्हटलेल्या माणसाला जेवढं ठाऊक असेल, तेवढंच.

तरीही तिने ते नाव मनात उच्चारलं नाही. रहस्यकथा वाचणाऱ्या माणसाला एक शिस्त लागते. पुरावा पुरता होईपर्यंत बोट दाखवायचं नाही. ती उठली आणि पुन्हा होडीभोवती फिरली. मागून पुढे, हात तळावरून फिरवत. सुटलेलं, सुटलेलं, चौकोन, सुटलेलं. मग नाळेपाशी येऊन तिचा हात थांबला.

होडीच्या टोकाला, दोन्ही अंगांना, वरपासून खालपर्यंत वीतभर रुंदीची पट्टी शाबूत होती. निळी, घट्ट, टेकूखालच्या चौकोनांसारखी. इथे कधीच टेकू नसतो. तिने खरवडून पाहिलं: निळ्याखाली थेट रुपेरी. पांढरा नाहीच.

पांढरा लावणारा ब्रश इथे येऊन थांबला होता. दोन्ही बाजूंना.

परका रंगारी नाळेच्या टोकापर्यंत गेला असता. त्याला सुतक कसलं? विनेशही गेला असता, तो नाखवा नव्हे. ज्याने सुतक मनापासून पाळलं असतं, त्याने ब्रश उचललाच नसता. म्हणून उरला तो असा माणूस, ज्याने सुतक मोडलं आणि मोडतानाही नाळेला हात लावायचं धाडस ज्याला झालं नाही.

त्या घरात सुतक असलेली माणसं दोनच होती. त्यातली एक ती स्वतः.

७

सदाकाका घराच्या ओट्यावर जाळं घेऊन बसला होता. ऊन कलतं होऊन त्याच्या गुडघ्यांवर आलं होतं.

"कारखान्यातनं कवा आयलीस गो? भाकर खाल्लीस काय?"

प्राप्ती त्याच्याजवळ बसली. येताना तिने पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही वापरावंसं वाटेना.

"काका, ‘टिटवी’च्या नाळेपाशी वीतभर जागा का सोडलीत?"

जाळ्याची सुई थांबली.

"कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. रंगात कमळवहिनींच्या भाताचं कूस आहे."

त्याने जाळं बाजूला ठेवलं. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"शेटचा फोन आयला. बोलला, होडी दुसरीकडं नेतो. भावाची ही शेवटची होडी. ती दुसऱ्याच्या उतारावरून दर्यात जानार?" त्याने मान हलवली. "मना काय कळतं त्यातलं? आपली लाकडाची होडी, तेल पाजलं की झालं. बघितलं, कोपऱ्यात भारीतला डबा हाय, शेटचाच हाय. डब्यावर चित्र होतं, दोन्ही मिसळायचं. मिसळला. भाऊ मना कवा ब्रश देत नव्हता गो. बोलायचा, सदा, तुझ्या हाताला घाई हाय. म्हनून सावकाश मारला. लई सावकाश. दोन दिस मारत होतो."

"आणि नाळ?"

"तिथं हात जाईना. बाकी पाप केलं, तेवढं न्हाय झालं."

"लोक बाबांना नावं ठेवत होते तेव्हा तरी बोलायचं."

"म्हटलं, मेलेल्याला काय लागतंय? मी सुतक मोडलं कळलं तर माझ्या होडीवर येनार कोन?" मग, तिच्याकडे न बघता, "पन तुला लागत होतं. ते दिसत होतं मना. रोज दिसत होतं. रोज म्हनायचो, उद्या सांगीन."

तिला राग यायला हवा होता. तो येईल म्हणून तिने वाट पाहिली. त्याऐवजी डोळ्यांसमोर आला तो ओढलेल्या दाराआड भावाच्या होडीखाली उकिडवा बसलेला हा माणूस, जपून जपून, चुकीचा रंग लावणारा.

"काका, मला एकच सांगा. त्या सकाळी तुम्ही एकटेच होतात तिथे. बाबा कसे होते?"

"बसलेला."

"साड्या खाली सोडलेल्या होत्या?"

काकाने आठवायचा प्रयत्न केला असं नाही. ते त्याच्यापाशी तयारच होतं, फक्त कोणी विचारलं नव्हतं.

"न्हाय. समोरची साडी वर खोचलेली होती. त्यानंच खोचली असनार, बघायला. खोक्यावर बसून बघत होता. पूर्वेचं ऊन डायरेक तळावर आलेलं, रुपेरी नुसता पापलेटावानी चमकत होता. मानसं यायच्या आधी मी साडी खाली सोडली. का सोडली, मना ठाव न्हाय. उघडं बरं दिसंना."

"रंग नीट होता?"

"एक सुरकुती नव्हती गो."

ओट्यावरचं ऊन एका पायरीने खाली उतरलं. मग सदाकाका उठला, आत गेला आणि टोपी घालून बाहेर आला.

"चल. विनेशला गाठू, शेटला फोन लावू. मी सांगतो, माझ्या तोंडानं. कमळवहिनीच्या खळ्यावर उभा राहून सांगतो, म्हंजे गावाला वेगळं सांगाया नको. आत्ताच चल, उद्या धीर व्हायचा न्हाय. नि तळ परत खरवडायला मी येतो. ब्रश नको देऊ. खरवडतो नुसता."

"जाऊ," प्राप्ती म्हणाली; पण तिला उठता येईना.

सगळं उलगडलं होतं. कूस, चौकोन, नाळ, सगळं जिथल्या तिथे बसलं होतं, आणि आता तिच्याजवळ शोधण्यासारखं काही उरलं नव्हतं. गेले काही दिवस ती सकाळी उठायची ती बाबांसाठी काहीतरी करायला. त्यांच्यावरचा डाग पुसायचा होता, त्यांची बाजू मांडायची होती, आणि ज्याची बाजू मांडायची असते तो माणूस कुठेतरी, खोलीच्या पलीकडे का होईना, असतो. आता त्यांना कशाचीच गरज नव्हती.

"काय झालं, बाय?" काका पायरीवरून मागे वळला.

आख्खा गाव येऊन तिला ते सांगून गेला होता. तिने मान हलवली होती, चहा दिला होता. वाचनालयात तिने ‘घरी अडचण आहे’ म्हटलं होतं. फोनवर ‘बाबांचं झालं’ म्हटलं होतं. बँकेत तर नुसता कागद पुढे सरकवला होता. ते साधं वाक्य तिच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. तिने स्वतःही नाही.

तिने काकाचा हात धरला. रंगाची पांढरी रेघ अजून त्याच्या सदऱ्याच्या बाहीवर होती.

"काका," ती मोठ्याने म्हणाली, "माझे बाबा गेले."